झेड ड्राइव्ह मध्येच गायब होतो, अख्खं ऑफिस वैतागलंय (अंबड)

अंबडचा_अकाउंटंट | सोमवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. गरवारे पॉइंटच्या जवळ आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. ऑफिसात ११ कॉम्प्युटर. त्यातलाच एक जरा दणकट डबा कोपऱ्यात ठेवलाय, त्याला आम्ही कौतुकाने सर्व्हर म्हणतो. आत साधं विंडोज ११ प्रो आहे. त्याच्यावरचं एक फोल्डर सगळ्यांकडे झेड ड्राइव्ह म्हणून जोडलंय. माझा टॅलीचा डेटा तिथे, डिझाइनवाल्यांची ड्रॉइंगं तिथे, स्टोअरची एक्सेल तिथे.

दिवाळीनंतर हा झेड मध्येच जायला लागलाय. कधी ड्राइव्हवर नुसती लाल फुली दिसते, डबल क्लिक केलं की उघडतो. कधी मात्र टॅलीत व्हाउचर टाकताना स्क्रीन गोठते, एरर येतो आणि टॅली बंद पडते. मिनिट-दोन मिनिटांत सगळं आपोआप जागेवर. तोवर माझी एंट्री गेलेली असते, शिवाय डेटा रिपेअर करायची वेळ येते ती वेगळीच.

बाहेरचे आयटीवाले येऊन सर्व्हर रीस्टार्ट करून जातात, व्हिजिट चार्ज घेतात. आता त्यांनी नवा नेटवर्क स्विच (सगळ्या कॉम्प्युटरच्या केबली एकत्र येतात तो डबा) आणि सगळं केबलिंग नवं असं कोटेशन धाडलंय. शेठ म्हणतात, आधी कारण सांगा, मग खर्चाचं बोला. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचाय. कुठून सुरुवात करू? कॉम्प्युटरमधलं मला वापरण्यापुरतं कळतं, पण सांगाल ते करून बघेन.

पंचवटी_एक्सप्रेस | १२:३२

सिंहस्थाच्या कामांसाठी निम्मं नाशिक खोदून ठेवलंय. फायबर तुटत असणार दुसरं काय. आमच्याकडे द्वारकेला रोज तेच.

तारजोड | १:०५

एक्सप्रेस, फायबरचा इथे काही संबंध नाही. झेड ड्राइव्ह त्यांच्याच ऑफिसातल्या डब्यावर आहे. इंटरनेटची वायर कापून टाकली तरी तो चालला पाहिजे, मधला स्विच आणि केबल धड असली की बस.

अकाउंटंट साहेब, तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरल्यात. लाल फुली आणि डबल क्लिकने उघडणं, हा बिघाड नाहीच. विंडोजमध्ये फाइल शेअर करणारं मशीन १५ मिनिटं कुणी काही मागितलं नाही की ते कनेक्शन सोडून देतं. फुली त्याची. पुन्हा हात लावला की जोडलं जातं. चालू टॅली बाहेर फेकली जाणं हे मात्र खरं दुखणं. टॅली सतत फाइलशी बोलत असते, तिथे १५ मिनिटं रिकामी जातच नाहीत.

फुली डोळ्यांना खुपत असेल तर सर्व्हरवर (तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, तिथे करून उपयोग शून्य) कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि नेट कॉन्फिग सर्व्हर /ऑटोडिस्कनेक्ट:-१ द्या. अर्थात इंग्रजीत टाइप करून. वजा एक म्हणजे कधीच सोडू नको. पुष्कळ जण शून्य घालतात, शून्य म्हणजे बंद असं समजून. शून्याने उलटंच होतं, काही सेकंद शांत बसलात तरी कनेक्शन जातं.

आता खऱ्या दुखण्यासाठी एवढं सांगा: एकाच वेळी सगळ्यांचा जातो की एकेकाचा? दिवसाच्या ठराविक वेळी का? स्विच यूपीएसवर आहे का? सर्व्हर केबलवर आहे ना, वाय-फायवर नाही?

द्राक्षबाग | १:२०

साध्या विंडोजवर एकावेळी २० च्या वर कॉम्प्युटर जोडले जात नाहीत. लिमिट संपत असेल.

तारजोड | १:२८

लिमिट खरी आहे, पण यांच्याकडे ११ च आहेत. शिवाय लिमिट संपली की नवीन येणाऱ्याला दार बंद होतं आणि मेसेजही स्पष्ट येतो की आणखी कनेक्शन घेता येत नाहीत. आत बसलेल्याला कुणी उचलून बाहेर टाकत नाही.

शरणपूर_रोड | २:१५

धागा पळवत नाहीये, पण आमच्या सीए ऑफिसात जवळपास हेच आहे म्हणून विचारते. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की कोपऱ्यात 'कुड नॉट रिकनेक्ट ऑल नेटवर्क ड्राइव्ज' येतं. आर्टिकलशिपची मुलं एकेक ड्राइव्ह क्लिक करत बसतात. नंतर दिवसभर काही त्रास नाही.

तारजोड | २:४०

ताई, तुमचं सोपं आहे. एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) लावल्यापासून सुरू झालं ना? कॉम्प्युटर इतक्या लवकर डेस्कटॉपवर येतो की तोवर नेटवर्क कार्ड पुरतं जागं झालेलं नसतं. विंडोज एकदा हाक मारतं, उत्तर नाही म्हटल्यावर फुली मारून मोकळं होतं.

प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटर उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, लॉगऑन. तिथे 'ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन' आहे, ते एनेबल करा. लॉगिनला चार सेकंद जास्त लागतील, मुलांना सांगा तेवढ्यात पाणी पिऊन या. होम आवृत्ती असेल तर ही पॉलिसी मिळत नाही. मग स्टार्टअप फोल्डरमध्ये छोटी बॅच फाइल ठेवायची: आधी २० सेकंद थांब, मग नेट यूज, म्हणजे ड्राइव्ह जोडायची कमांड.

एखादं मशीन जुन्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीवर अडकलेलं असेल तर त्यात हा दोष मुळातच होता, मायक्रोसॉफ्टने स्वतःच त्यावर तात्पुरती स्क्रिप्ट दिली होती. तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. क्लायंटचे पॅन आणि बँक स्टेटमेंट असलेल्या ऑफिसात ते ठेवू नका.

शरणपूर_रोड | २:५२

एसएसडी लावल्यापासूनच! बघते. दोन मशीन होमवर आहेत, त्यांना बॅच फाइल करून घेते.

अंबडचा_अकाउंटंट | संध्याकाळी ६:४५

तारजोड दादा, धन्यवाद. उत्तरं देतो. एकेकाचा जातो असं वाटायचं, पण आज सगळ्यांना ओरडायला सांगून ठेवलं होतं. एकदा माझा आणि स्टोअरचा जवळपास एकत्रच गेला, डिझाइनवाल्याचा थोडा मागून, रिसेप्शनच्या मॅडमचा गेलाच नाही. स्विच यूपीएसवर आहे, सर्व्हरही. सर्व्हर केबलवर. ठराविक वेळ अशी दिसत नाही.

फुलीवाली कमांड सर्व्हरवर दिली. दुपारपासून फुली दिसली नाही. पण टॅली चारच्या सुमारास पडलीच.

नेटका | ७:१०

सर्व्हरच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर 'अलाऊ द कॉम्प्युटर टु टर्न ऑफ धिस डिव्हाइस टु सेव्ह पॉवर'ची टिक काढा. ॲडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट किंवा ग्रीन इथरनेट असं काही असेल तर डिसेबल करा. पॉवर ऑप्शनमध्ये स्लीप 'नेव्हर'. आमच्या सातपूरच्या ऑफिसात एवढ्याने काम झालं होतं.

आणि झेडचं मॅपिंग (जोडणी) आयपीने, म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याने, केलं असेल तर ते काढून सर्व्हरच्या नावाने करा.

तारजोड | ७:३०

नेटकाने सांगितलेलं कराच, सर्व्हरचं काम करणाऱ्या मशीनवर तसंही ते असायलाच हवं. नावाने मॅप करण्याची घाई मात्र नको. सर्व्हरचा आयपी बदलत असेल तर नाव कामाला येतं. यांचा एक-दोन मिनिटांत त्याच पत्त्यावर परत येतोय, म्हणजे पत्ता बदलत नाहीये. एकावेळी चार गोष्टी बदलल्या की कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही, आणि बरं नाही झालं तर काय पूर्ववत करायचं तेही.

अकाउंटंट साहेब, उद्या दोन कामं. तुमच्या कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत पिंग -टी आणि सर्व्हरचा आयपी असं लावून ठेवा, बाजूला चालू राहू द्या. पिंग म्हणजे समोरच्या मशीनला 'आहेस का?' अशी हाक. टॅली पडली की त्या क्षणी खिडकीत काय दिसतंय ते इथे जसंच्या तसं उतरवा. दुसरं, इव्हेंट व्ह्यूअर उघडून ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एसएमबीक्लायंट, कनेक्टिव्हिटी इथे जा. ३०८०४ आणि ३०८०७ नंबरच्या नोंदी असतील, कनेक्शन तुटलं, शेअर हातचा गेला, अशा अर्थाच्या. त्यांच्या वेळा लिहून काढा. माणसाच्या आठवणीपेक्षा त्या वेळा बऱ्या.

सिन्नरकर | रात्री ९:५०

आमचा प्रश्न थोडा वेगळा. माळेगाव एमआयडीसीत आहोत. जुना नॅसचा (नेटवर्कवर फाइली साठवायचा) डबा आहे, बाकी सगळ्यांना दिसतो. नवीन लॅपटॉप आणला विंडोज ११ चा, २४एच२ आवृत्तीचा. तो म्हणतो क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर इनव्हॅलिड. बाजूच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं एसएमबी-१ (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा.

तारजोड | १०:१५

त्या माणसाचं ऐकू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर जगभर पसरलं ते एसएमबी-१ च्याच भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्यानंतर नव्या विंडोजमध्ये ते मुळातच घालणं सोडलं.

तुमचं दुखणं दुसरं आहे. २४एच२ पासून प्रो आवृत्ती प्रत्येक फाइल कनेक्शनवर डिजिटल सहीचा (साइनिंगचा) आग्रह धरते, आणि पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून कुठेही शिरत नाही. नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी साइनिंग असेल तर चालू करा, फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि गेस्ट बंद करून प्रत्येकाला युजर-पासवर्ड द्या. नॅस इतका जुना असेल की साइनिंगच येत नाही, तर त्याला निवृत्त करायची वेळ झाली. लॅपटॉपचं कुलूप काढून ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

अंबडचा_अकाउंटंट | मंगळवार, दुपारी ३:२०

दादा, गंमत ऐका. सकाळी ११:१८ ला टॅली पडली. मी पिंगच्या खिडकीकडे बघतोय तर पिंग चालूच! एकही 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' नाही. झेडवर मात्र जाता येईना. मिनिटभराने सगळं सुरळीत.

इव्हेंटच्या वेळा बघितल्या. कालची ४:०२, आजची ११:१८ आणि २:४१. मेंटेनन्सच्या काकांना सहज विचारलं तर म्हणाले, अहो, २:४० ला शेड नंबर दोनमध्ये एमसीबी पडला होता, वेल्डिंगचे दोन सेट एकदम लावले की पडतो. सकाळीही पडला होता म्हणे. पण आमचं ऑफिस वेगळ्या लाइनवर, शिवाय यूपीएसवर. आम्हाला लाईट गेलेली कळतसुद्धा नाही.

नेटका | ३:३५

पिंग चालू आहे म्हणजे केबल, स्विच सगळं ठीक. सर्व्हरच्या अँटिव्हायरसची फायरवॉल बघा.

तारजोड | ३:५०

थांबा, थांबा. पिंगची अख्खी ओळ उतरवा. टॅली पडायच्या आधीची एक आणि पडल्यानंतरची एक. शेवटी टीटीएल असं लिहिलेलं असतं (निरोपाला आणखी किती राउटर ओलांडता येतील ते, दर राउटरला एकने घटतं), तो आकडा हवाय.

अंबडचा_अकाउंटंट | ४:३०

खिडकी अजून उघडीच आहे. वर सरकवून बघितलं.

आधी: रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.२०१, टाइम १ मिलिसेकंदाहून कमी, टीटीएल=१२८
पडल्यावर: रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.२०१, टाइम २ मिलिसेकंद, टीटीएल=६४
नंतर पुन्हा १२८.

हे काय आहे?

तारजोड | ४:४१

सापडला चोर. विंडोजचं मशीन पिंगला उत्तर देताना १२८ पासून सुरुवात करतं. लिनक्सवर चालणारी बहुतेक उपकरणं ६४ पासून. एकाच ऑफिसात, मध्ये राउटर नसताना, हा आकडा वाटेत बदलत नाही. म्हणजे त्या मिनिटात तुम्हाला उत्तर देणारा तुमचा सर्व्हर नव्हताच. २०१ हाच पत्ता घेऊन दुसरं कुणीतरी तुमच्या नेटवर्कवर बसलंय. त्याच्याकडे झेड नाही, टॅली नाही, पिंगला मात्र तो इमानदारीत उत्तर देतो.

आता शेड नंबर दोनची लाईट गेली की बंद पडून पुन्हा चालू होणारं, नेटवर्कची केबल लावलेलं काय आहे तिथे? कॅमेऱ्याचा डबा, प्रिंटर, हजेरीचं मशीन?

अंबडचा_अकाउंटंट | ४:४८

हजेरीचं मशीन!! दिवाळीनंतरच दुसऱ्या गेटला नवीन बसवलंय, अंगठ्याचं. कंत्राटी कामगार तिकडून येतात म्हणून. जुनं मेन गेटला आहे, ते वेगळं.

तारजोड | ५:१०

मग बहुतेक तेच. हजेरीची कितीतरी मशीनं कारखान्यातून निघतानाच १९२.१६८.१.२०१ हा पत्ता घेऊन येतात. बसवणाऱ्याने तो बदलला नाही. आणि तुमचा सर्व्हर लावणाऱ्यानेही योगायोगाने २०१ च निवडला.

होतं काय, मशीनची लाईट जाऊन आली की ते उठल्या उठल्या सगळ्या नेटवर्कला जाहीर करतं, २०१ मी आहे. तुमचे कॉम्प्युटर ते ऐकून आपल्या वहीत सर्व्हरच्या जागी त्याचा हार्डवेअर पत्ता लिहितात. या वहीला एआरपी टेबल म्हणतात. मग टॅलीचा निरोप सर्व्हरऐवजी गेटवर जातो. इकडे सर्व्हर आपला पत्ता सांगतो, वही पुन्हा दुरुस्त होते, झेड परत येतो. कोणाची वही कधी बदलते यावर कोणाचा ड्राइव्ह आधी जातो आणि कोणाचा वाचतो हे ठरतं. रिसेप्शनच्या मॅडम म्हणूनच सुटल्या.

पण अंदाजावर गेटचं मशीन काढू नका, पुरावा बघा. सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. टीसीपीआयपीकडून आलेली ४१९९ नंबरची नोंद शोधा. त्यात लिहिलेलं असेल की या आयपीवर दुसऱ्या मशीनशी टक्कर झाली, आणि त्या मशीनचा हार्डवेअर पत्ताही असेल, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. हजेरी मशीनच्या मेनूत नेटवर्कच्या किंवा डिव्हाइस इन्फोच्या पानावर मॅक ॲड्रेस, म्हणजे हाच हार्डवेअर पत्ता, दिसतो. दोन्ही ताडून बघा.

पंचवटी_एक्सप्रेस | ५:२२

मी फायबर म्हणालो होतो, निघालं अंगठ्याचं मशीन. चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अंबडचा_अकाउंटंट | बुधवार, सकाळी ११:०५

४१९९ च्या नोंदींची रांग लागलीय सर्व्हरवर! सगळ्या दिवाळीनंतरच्या. हार्डवेअर पत्ता गेटच्या मशीनशी अक्षरन् अक्षर जुळला. काकांना मशीनसमोर उभं केलं होतं, ते फोनवर वाचत होते आणि मी स्क्रीनवर बोट फिरवत होतो.

आता सर्व्हरचा आयपी बदलू की मशीनचा?

तारजोड | ११:२०

मशीनचा. सर्व्हरचा बदललात तर ११ कॉम्प्युटरचं मॅपिंग, टॅलीचा डेटा पाथ, स्कॅनरचं फोल्डर, सगळ्याला हात लावावा लागेल.

राउटरमध्ये डीएचसीपीची (राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांची) रेंज बघा. त्या रेंजच्या बाहेरचा आणि कुणाकडे नसलेला आकडा घ्या. निवडलेल्या पत्त्याला आधी पिंग करा. काही उपकरणं पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून लगेच एआरपी -ए ही कमांड देऊन त्या आयपीसमोर हार्डवेअर पत्ता आलाय का तेही बघा. नसेल तर जागा रिकामी. कोणता आयपी कोणाचा हा कागद सर्व्हरच्या डब्यावर चिकटवून ठेवा. वहीत लिहाल तर वही हरवेल.

टॅली 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडायची सवय कुणाला असेल तर मोडा. ॲडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला साध्या लॉगिनमधला झेड दिसतच नाही, आणि मग पुन्हा तुम्हीच इथे येऊन म्हणाल झेड गेला.

अंबडचा_अकाउंटंट | संध्याकाळी ५:५५

रेंज १०० ते १९९ निघाली. मशीनला २३१ दिला. मग काकांकडून मुद्दाम शेड दोनचा एमसीबी पाडून घेतला, वर आणला, पुन्हा पाडला. टॅली चालू, पिंग चालू, टीटीएल १२८ वर घट्ट. शेठना टीटीएलचे आकडे दाखवले तर म्हणाले, मग ते स्विचचं कोटेशन कशाचं होतं? मी म्हटलं ते तुम्हीच विचारा.

आता नवीनच भानगड. एचआरच्या मॅडम म्हणतायत, दुपारपासून दुसऱ्या गेटची हजेरी सॉफ्टवेअरमध्ये उतरत नाहीये.

तारजोड | ६:०२

हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या मशीनसमोर जुना २०१ लिहिलेला असेल, तिथे २३१ करा आणि पुन्हा डाउनलोड मारा. अंगठे मशीनमध्येच साठलेले असतात, कुणाचा खाडा लागणार नाही.

अंबडचा_अकाउंटंट | ६:२०

उतरली. जीएसटीआर-१ ला बसतो.